२१-७ चं दूध

दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. गावोगावच्या प्राथमिक संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांची नोंद होते. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून ठरतो, तिथून पॉइंटमागे पैसे वाढतात किंवा कापले जातात. संस्थेची ही नोंद फाइलच्या रूपात संघाच्या सर्व्हरवर येते. मग सभासद यादी, दरपत्रक आणि पशुखाद्याची वजावट यांच्याशी ती जुळवायची, की बिल तयार. ज्या घरात दोन-तीन गायी आहेत तिथला किराणा याच बिलावर भरला जातो. हे काम करताना ते मला सतत आठवत असतं.

मी पुण्यात राहते आणि २०१९ पासून एका दूध संघाचं हे जुळवणीचं काम बाहेरून बघते. जुळवणी पेंटाहो डेटा इंटिग्रेशन नावाचं सॉफ्टवेअर करतं. जुनी माणसं त्याला अजून केटल म्हणतात. त्याच्या भागांची नावंही स्वयंपाकघरातलीच आहेत: स्पूनमध्ये आकृती काढून काम रचायचं, पॅन एकेक रूपांतर चालवतो, किचन अख्खा जॉब चालवतो. संघात हे सगळं विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालत होतं आणि सभासदांचा मुख्य डेटाबेस, पोस्टग्रेस, शेजारच्या सेंटओएस ७ या लिनक्सच्या मशीनवर होता. विंडोजच्या त्या आवृत्तीचा आधार (सपोर्ट) १० ऑक्टोबर २०२३ ला संपणार होता. जुलैमध्ये संगणक विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. "मॅडम, सर्व्हर तर बदलायचाच आहे. पण त्यात काय टाकायचं ते तुम्ही सांगा."

तोपर्यंत माझं एक ठरलेलं वाक्य होतं: केटल जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं, म्हणजे कुठेही चालतं. प्रोग्रॅमपुरतं ते खरं आहे. पण प्रोग्रॅमच्या भोवती फाइलींची नावं, वेळापत्रक, अक्षरं, क्रमवारी, मेमरी असं बरंच काही असतं आणि ते सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात असतं. पुढच्या पाच महिन्यांत मी तेच शिकले.

पर्याय फार नव्हते. विंडोज सर्व्हर २०२२, उबंटू २२.०४ हे लिनक्स, किंवा रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या घराण्यातलं काहीतरी; सेंटओएस त्यातलंच. शेवटच्याकडे माझा स्वतःचा ओढा होता, कारण माझी सगळी सुरुवात सेंटओएसवर झाली. पण डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ चा आधार २०२१ अखेरच थांबणार हे जाहीर झालं, त्यातून रॉकी लिनक्स आणि आल्मालिनक्स उभे राहिले, आणि आम्ही निवड करत होतो नेमकं त्याच्या आदल्या महिन्यात, जून २०२३ मध्ये, रेड हॅटने आपला सोर्स कोड मुख्यतः ग्राहकांपुरता ठेवायचं ठरवलं होतं. रॉकी आणि आल्मा दोन्हीकडची माणसं कामाची आहेत आणि दोन्ही प्रकल्प पुढे नीट चालले. पण त्या जुलैमध्ये 'पुढची पाच वर्षं हे असंच मिळत राहील' असं मी अण्णांना छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. उबंटूच्या २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळणार हे कागदावर होतं. म्हणून चाचणीला दोनच उरले: विंडोज सर्व्हर २०२२ आणि उबंटू.

अण्णांचं मत विंडोजकडे होतं आणि त्यांचं कारण मला पटण्यासारखं होतं. विभागात तीन ऑपरेटर. तिघांनाही विंडोजचा टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी कामं लावणारा) उघडून जॉब पुन्हा चालवता येतो. काळ्या पडद्यावर टाइप करून काम करायची त्यांना सवय नाही. पहाटे काही अडकलं तर तिथे तेच असतात, मी नसते. "तुम्ही पुण्यात, आम्ही इथं," अण्णा म्हणाले. खर्चाची बाजू उलट होती. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि आपल्या मशीनला कोअर आठच असले तरी किमान सोळाचा घ्यावा लागतो. संघाच्या खरेदी समितीला हा आकडा लगेच टोचला.

मी म्हटलं, वाद नको, दूध चालवून बघू. ऑगस्टमधल्या एका बिलाच्या, म्हणजे पूर्ण दहा दिवसांच्या, खऱ्या फाइली दोन्हीकडे टाकायच्या आणि जुन्या सर्व्हरने जे काढलं होतं त्याच्याशी पैशापर्यंत ताडून बघायचं. विंडोजचं चाचणी मशीन संघाच्या ऑफिसात लावलं. उबंटूचं मशीन मी माझ्याकडे उभं केलं. ते संघाच्या नेटवर्कबाहेर असल्यामुळे डेटाबेसची प्रत काढून त्याच मशीनवर परत उभी केली. या फरकाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

पहिल्या दिवशी उबंटूवर साठाच्या वर फाइली सापडल्याच नाहीत. फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसत होत्या. जॉब संस्थेचा कोड आणि तारीख जोडून फाइलचं नाव तयार करतो आणि ते उघडायला जातो. काही गावांतलं सॉफ्टवेअर नाव मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत लिहितं, काहींचं लहान. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. हे पाठ्यपुस्तकातलं आहे, मला माहीत होतं. जे सुचलं नव्हतं ते पुढचं: लिनक्सवर त्या दोन नावांच्या दोन फाइली शेजारी शेजारी राहू शकतात. एका संस्थेने फाइल दुरुस्त करून पुन्हा पाठवली आणि दुसऱ्यांदा अक्षरं लहान झाली, तर विंडोजवर नवी जुनीवर बसते. इथे दोन्ही राहतात आणि दूध दोनदा मोजलं जाऊ शकतं. म्हणून फाइल आत येताक्षणी नाव लहान अक्षरांत बदलणारी, आणि त्याच नावाची आधीची असेल तर ती बाजूला ठेवणारी पायरी सुरुवातीलाच घातली.

मग अक्षरांचा घोळ. बिलाच्या फाइलमध्ये सभासदांची नावं नव्हती, नुसती प्रश्नचिन्हं होती. विंडोज २०२२ वरही आणि उबंटूवरही. आम्ही जावा ११ वापरत होतो. जावा १८ च्या आधी, स्पष्ट सांगितलं नाही तर जावा ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून अक्षरसंच ठरवत असे. विंडोजने पश्चिम युरोपचा १२५२ दिला, त्यात देवनागरी नाही. उबंटूवर प्रकार जास्त फसवा होता. मी हाताने जॉब चालवला की नावं स्वच्छ, क्रॉनने, म्हणजे लिनक्सच्या वेळापत्रकाने, रात्री चालवला की प्रश्नचिन्हं. मी माझ्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ हा देवनागरी सामावणारा अक्षरसंच लिहून ठेवला होता आणि क्रॉन ती सेटिंग वाचत नाही. मशीन ज्या साच्यातून उभं केलं होतं त्याचं स्वतःचं लोकेल, म्हणजे भाषा-अक्षरांची सेटिंग, नुसतं 'सी' होतं, म्हणजे साधं आस्की, फक्त इंग्रजी अक्षरं. दोन रात्री मी दोष डेटाबेसच्या जोडणीत शोधत होते. उपाय एका ओळीचा होता: केटलच्या जावा पर्यायांत अक्षरसंच यूटीएफ-८ असा लिहून टाकणं. मग जुन्या सर्व्हरवर इतकी वर्षं नावं नीट कशी येत होती? तिथली जॉब सुरू करणारी बॅच फाइल उघडली तर माझ्या आधी काम केलेल्या कुणीतरी नेमकी तीच ओळ लिहून ठेवलेली. त्या माणसाचे मी मनोमन आभार मानले.

(ज्या जुन्या सभासदांची नावं कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत, त्यांचं दुखणं वेगळं. 'राम' तिथे आत जे, के, ई अशा तीन इंग्रजी अक्षरांत साठवलेला असतो. त्यासाठी मी अक्षरांचा तक्ता करून रूपांतर लिहिलं आहे, पहिली वेलांटी उचलून व्यंजनानंतर ठेवणं हा त्यातला किचकट भाग. पण ते दोन्ही सिस्टिमवर सारखंच चालतं.)

मेमरीचं थोडक्यात सांगते. उबंटूवर एका रात्री लॉग मध्येच तुटला. चूक नाही, इशारा नाही, वाक्य अर्धवट. कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदीत मिळालं: मेमरी संपली म्हणून जावाची प्रक्रिया मारली. आठ जीबीच्या मशीनवर मी केटलला सहा दिले होते आणि पोस्टग्रेसही तिथेच बसलं होतं. केटलला चारवर आणलं, पुन्हा तसं झालं नाही. विंडोज अशा वेळी डिस्कवरची पेज फाइल वाढवत राहतो, काम रांगतं पण मरत नाही. पहाटे ऑपरेटर एकटा असताना यातलं कुठलं बरं, यावर मी बराच विचार केला. माझं उत्तर मरणं हे आहे, कारण ते लगेच कळतं आणि जॉब पुन्हा लावता येतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर दोन्हीकडचे आकडे समोर ठेवले. विंडोज सर्व्हर २०२२ चे आकडे जुन्या सर्व्हरशी पैशापर्यंत जुळत होते. उबंटूचे जास्त येत होते. लिटरही जास्त, रक्कमही जास्त. बैठकीत कुणीतरी म्हणालं, मग झालं की, विंडोज बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं. नावांच्या घोळातून कुठली तरी फाइल दोनदा मोजली गेली असणार, असं धरून मी दोन दिवस जुळ्या फाइली शोधल्या. एकही नव्हती. मग जास्तीच्या ओळी वेगळ्या काढल्या. सगळ्या चारच संस्थांच्या होत्या आणि चौघींच्या कोडमध्ये आडवी रेघ होती. २१-७, २१-८ अशी. ती यादी मी अण्णांना पाठवली.

पाच मिनिटांत फोन. "मॅडम, ह्या तर आपल्या हातानं चढवायच्या संस्था."

मला काही कळेना. दोन वर्षांपूर्वी काही मोठ्या संस्था विभागल्या, नव्यांना रेघेचे कोड दिले. तेव्हापासून या चार संस्थांचं दूध बिलात येतच नसे. ऑपरेटरांनी धरलं की त्यांच्या फाइली खराब येतात. म्हणून दर दहा दिवसांनी अण्णा एक वही उघडून त्यांचे आकडे हाताने भरत. त्यात एक-दोन दिवस जात, आणि त्या गावांचं बिल बाकीच्यांच्या मागून निघे. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती तक्रार नव्हती, तो कामाचा भाग झाला होता. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे उबंटू बरोबर होता, आणि जुनं चुकत होतं. का, ते शोधायला एक रात्र गेली.

केटलमध्ये दोन याद्या जोडायची मर्ज जॉइन नावाची पायरी असते. दोन माणसं शेजारी बसून दोन याद्या वाचतायत अशी कल्पना करा. ज्याचा कोड मागे आहे तो पुढे सरकतो, कोड सारखे आले की जोडी लागते, मागे कुणीच वळत नाही. यासाठी दोन्ही याद्या एकाच नियमाने लावलेल्या हव्यात. आमची एक यादी फाइलींमधून यायची, ती केटल लावायचा, अक्षरांच्या सांकेतिक क्रमाने. त्यात रेघ आकड्याच्या आधी येते, म्हणून २१-७ ही २१० च्याही आधी. दुसरी यादी डेटाबेसकडून क्रम लावूनच यायची. डेटाबेसला तो क्रम त्याची ऑपरेटिंग सिस्टिम सांगते. सेंटओएस ७ मधली ग्लिबसी ही मूळ लायब्ररी २.१७ आवृत्तीची. ती क्रम लावताना आधी रेघेकडे दुर्लक्ष करते, म्हणून तिच्या लेखी २१-७ ची जागा २१७ च्या लगेच नंतर. पहिला वाचक २१-७ म्हणतो तेव्हा दुसरा २१० वर पोचलेला असतो; पहिला पुढे सरकतो; २१-७ चं दूध खाली सांडतं. चूक नोंदवली जात नाही, कारण पायरीच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

२०१८ मध्ये ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत हे क्रमाचे नियम बदलले. उबंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे. तिथे रेघ मोजली जाते आणि दोन्ही याद्या योगायोगाने जुळतात. कुणालाही हे स्वतः बघता येईल: लिनक्सच्या टर्मिनलवर '१-१' आणि '११' हे इंग्रजी आकड्यांत दोन ओळींत लिहून अमेरिकन इंग्रजीच्या लोकेलमध्ये क्रम लावायला सांगा. जुन्या मशीनवर ११ आधी येतं, नव्यावर १-१. मी दोन्ही मशीन शेजारी उघडून ते चार-पाच वेळा करून पाहिलं.

आणि विंडोज २०२२ चे आकडे जुन्याशी जुळत होते ते एवढ्यासाठीच की ते मशीन ऑफिसातल्या त्याच सेंटओएसच्या डेटाबेसकडून यादी घेत होतं. उबंटूकडे डेटाबेसची स्वतःची प्रत होती. माझी तुलनाच असमान होती. मी केटलखाली कोणती सिस्टिम असावी हे मोजत बसले होते आणि निकाल ठरत होता डेटाबेसखालच्या सिस्टिमवर.

दुरुस्तीसाठी निवड होईपर्यंत थांबले नाही. डेटाबेसकडून यादी मागताना क्रम 'सी' नियमानेच, म्हणजे केटलसारखा सांकेतिक क्रमानेच लाव, असं क्वेरीत लिहिलं, आणि ते त्याच आठवड्यात जुन्या सर्व्हरवर बसवलं. २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. २१ ते ३१ ऑक्टोबरचं बिल म्हणजे दिवाळीच्या खरेदीचे पैसे. त्या बिलात चारही संस्था बाकीच्यांबरोबर आल्या.

यानंतर विंडोज आणि उबंटू दोन्हीचे आकडे अगदी सारखे झाले. म्हणजे नुसत्या बरोबर-चूक या कसोटीवर निवड होणार नव्हती. तरी मी उबंटू सुचवला. पहिलं कारण डेटाबेस. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपत होता, म्हणजे पोस्टग्रेसलाही नवं घर लागणारच होतं. दोन्ही एकाच सिस्टिमवर असले तर क्रमाचे, अक्षरांचे, वेळेचे नियम एकाच जागी ठरतात आणि अण्णांच्या माणसांना एकच गोष्ट शिकावी लागते. दुसरं, उबंटूवर मी जे काही बदललं ते सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत आहे, एका फोल्डरमध्ये, तारखेसह. त्या जुन्या बॅच फाइलमधली ओळ लिहिणाऱ्याने ती का लिहिली हे मला कुठेच सापडलं नाही. माझ्यानंतर येणाऱ्याला ते सापडायला हवं. परवान्याचा खर्च तिसऱ्या क्रमांकावर. उलट बाजूही सांगते: संघाचा सगळा डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये असता आणि जुळवणी त्यांच्याच एसएसआयएस या सॉफ्टवेअरवर चालत असती, तर मी विंडोज सोडायला सांगितलं नसतं. आमचा फक्त हिशेब विभाग एसक्यूएल सर्व्हरवर आहे. विंडोजवरून तिथे विंडोजच्याच लॉगिनने शिरता येत होतं; उबंटूसाठी वेगळं, फक्त वाचायची मुभा असलेलं खातं मागावं लागलं आणि ते मिळायला दोन आठवडे गेले.

ऑपरेटरांचा प्रश्न मात्र खराच होता. स्पून त्यांच्या विंडोजच्या डेस्कटॉपवरच ठेवला. तसंही उबंटू २२.०४ वर स्पून उघडलं की ब्राउझरची जुनी वेबकिट लायब्ररी नाही अशी तक्रार करतो, आणि सर्व्हरवर पडद्याची गरजच नाही, किचनला तो लागत नाही. पहाटेसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: लॉगिन केलं की आज किती संस्थांचं दूध आलं, कुणाचं राहिलं, शेवटचा जॉब नीट संपला की नाही हे मराठीत दिसतं, आणि खाली तीन पर्याय, १ दाबलं की पुन्हा चालव. तिघांपैकी सगळ्यात धाकटा ऑपरेटर चौथ्या दिवशी मला विचारत होता की लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी बघायची कमांड कोणती.

१ डिसेंबरपासून दोन्ही सर्व्हर समांतर चालवले. दोन गोष्टी तेव्हाच हाती लागल्या. नव्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर होतं, त्यामुळे सकाळी साडेदहाचा जॉब दुपारी चारला सुटला. कोलकात्याचा टाइमझोन लावून तो विषय संपला. दुसरी गंभीर होती. गावातलं नेट हळू, फाइल चढायला कधी मिनिटभर लागतं. जुन्या विंडोज सर्व्हरवर अर्धवट चढलेली फाइल उघडायला गेलं की ती 'वापरात आहे' म्हणून नकार मिळायचा आणि जॉब पुढच्या फेरीत ती घ्यायचा. लिनक्स तसा अडवत नाही. जितकं आलंय तितकं वाचू देतो. एका संध्याकाळी एका संस्थेचे शेवटचे अकरा सभासद असे गळाले. पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करणं आमच्या हातात नव्हतं, म्हणून आता आलेली फाइल दोन मिनिटं तशीच ठेवतो, आकार वाढायचा थांबला की मगच दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवतो, आणि जॉब फक्त तिथूनच वाचतो. शिवाय फाइलमधल्या ओळींची संख्या संस्थेच्या नेहमीच्या सभासदसंख्येहून फार कमी असेल तर ती अडकवून ऑपरेटरला दाखवतो. ही शेवटची तपासणी अण्णांची कल्पना.

डेटाबेस मे २०२४ मध्ये हलवला, नुसत्या फाइली उचलून नाही तर पूर्ण डंप काढून आणि नव्याने भरून. क्रमाचे नियम बदलले की जुन्या नियमाने बांधलेल्या अनुक्रमणिका चुकतात, आणि फाइली तशाच उचलल्या असत्या तर तेच झालं असतं. शनिवारी संध्याकाळचं संकलन आत आल्यावर सुरुवात केली, रविवारी पहाटे तीनला संपलं. साडेदहाच्या जॉबनंतर अण्णांनी स्वतः लॉगिन केलं आणि फोनवर मला यादी वाचून दाखवायला लागले. सगळ्या संस्था नाही वाचल्या. २१-७, २१-८ आणि उरलेल्या दोन, लिटरसकट. मग म्हणाले, "आलंय मॅडम, सगळं आलंय," आणि चहाला गेले.